सहा मशिनांचा दिवाळसण

“मला ती सहा मशिनं पाहिजेत,” निवास म्हणाला.

पाडव्याची सकाळ होती. पाटाभोवती मी रांगोळी काढली होती. माईच्या हातात ओवाळायचं ताट होतं आणि ताटात सोनाराची लाल डबी. डबीत काय आहे हे निवासला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण अंगठीचं माप मी चोरून दिलं होतं.

“कसली मशिनं?” अण्णांनी विचारलं.

“शिवणाची. सोप्यातली.”

अण्णा हसले. जावई पहिल्या दिवाळीला काहीतरी मागतो, थोडा रुसतो, सासूसासरे थोडी ओढाताण करतात आणि मग हसत देतात. ही थट्टा असेल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

“आणि ती मिळेपर्यंत मी ताटाला हात लावणार नाही,” निवास म्हणाला. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि तो रांगोळीकडे बघत बसला.

तेव्हा कळलं, हा थट्टा करत नाही.

*

मशिनं कुणाची होती, ते आधी सांगते.

तासगावात आमच्या रस्त्याकडच्या सोप्यात माईनं तेवीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. पाच मशिनं पायाची, एक हाताचं. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून ती सगळ्यांची ‘बाई’. मी हाक मारायची ‘माई’, पण वर्ग चालू असताना मलाही ‘बाई’च म्हणावं लागे. ९२ सालच्या श्रावणात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम बंद. माईनं वर्ग मोडला, मशिनांवर जुनी लुगडी पांघरली आणि मागच्या दारानं ये-जा करायला लागली. सोपा नजरेला पडू नये म्हणून.

दसऱ्यानंतर भाईजी आले.

पन्नाशीचे, खादीचा सदरा, खांद्याला शबनम. कोकरमाळला निराधार बायकांचं सदन चालवतो म्हणाले, चाळीस जणी आहेत. पैसे घेत नाही म्हणाले. पैसा मागितला तर मला दारातूनच घालवा, घरात वापरात नसलेली वस्तू असेल तर द्या. अण्णा मार्केट कमिटीतले निवृत्त हेडक्लार्क. नवरात्रात दोन पावतीबुकंवाल्यांना त्यांनी पायरीवरूनच परत धाडलं होतं. या माणसाला त्यांनी खुर्ची दिली.

भाईजींनी लुगड्यांखालची मशिनं पाहिली, पण मागितली नाहीत. इथं कोण शिकवायचं, एवढंच विचारलं. माईनं सांगितलं, आणि पुढं तासभर सांगतच राहिली. दुसऱ्या खेपेलाही त्यांनी मागितली नाहीत. तिसऱ्या खेपेला माईनंच देऊ केली. चौथ्या खेपेला ते छापील पत्रक घेऊन आले. वर सदनाचं नाव, पत्ता, फोन नंबर. खाली मोठ्या अक्षरात ‘सौ. इंदुमती शिवणशाळा’. भाऊबिजेला टेंपो आणतो म्हणाले.

पत्रक माईनं देवघरात ठेवलं. लुगडी काढली. रोज एक मशीन पुसून, तेल घालून, चालवून बघायची. पुढच्या दारानं ये-जा सुरू झाली. भाऊबिजेच्या दुपारी जुन्या पंधरा विद्यार्थिनींना फराळाला आवतण गेलं: मशिनांना हळदकुंकू लावायचं आणि सासरी पाठवायची. ‘सासरी’ हा शब्द माईचाच.

*

आता निवास.

तो टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावर चढायचा. त्याला मी निवडलं होतं आणि अण्णांनी सात महिने नकार दिला होता. त्यांना पदवीधर जावई हवा होता. वैशाखात लग्न झालं, पण कुणी विचारलं की अण्णा ‘टेलिफोन खात्यात आहेत’ एवढं म्हणून पावसापाण्याचं काढत. त्या दिवाळीला माझी एकच इच्छा होती: अण्णांनी चार लोकांत, एकदा तरी, त्याला ‘आमचे निवासराव’ म्हणावं. मिरजेहून येताना एसटीत मी त्याला शिकवत आणलं. पहिल्यांदा वाढलेलं नको म्हणा. दुसऱ्यांदा घ्या. अण्णा राजकारणावर बोलतील, तेव्हा मान हलवा.

पहिल्या संध्याकाळी माईनं त्याला पत्रक दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. मग अण्णांना विचारलं, सदन बघून आलात का तुम्ही?

“सगळं खांबावर चढून बघायची सवय बरी नव्हे,” अण्णा म्हणाले.

निवास हसला. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकच होतं. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि हा अण्णांची सायकल घेऊन मित्राला भेटायला म्हणून गेला. दीड वाजला तरी पत्ता नाही. माई ताट झाकून बसलेली. आला तो गुडघ्यापर्यंत धुळीनं माखून. कुठला मित्र, विचारलं तर म्हणाला, आहे एक. सणाच्या दिवशी सासुरवाडीत कुणी असं करतं का, यावरून मी त्याच्याशी सायंकाळपर्यंत बोलले नाही.

आणि मग पाडवा.

*

पुढचं आमच्या गल्लीत हौसाकाकू सांगायच्या तसं सांगते, कारण त्या दिवशी त्या शेजारून ओवाळणी बघायला म्हणून आल्या होत्या आणि नंतर वर्षभर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगायची ठेवली नाही.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे सासऱ्यानं अंगठी दाखवली, जावयानं मान हलवली. सासरा म्हणाला घड्याळ घालतो वर. जावई गप्प. सासरा म्हणाला बरं, सायकल घ्या, मीच पायी हिंडतो. जावई गप्प. पुरणपोळीवरचं तूप थिजलं. बायको रडायला लागली. (हे खरं आहे.) सासू हात जोडायची बाकी राहिली. (हे खोटं आहे. माई हात जोडणारी नव्हती.)

“आमच्या वेळचे जावई घड्याळाला अडून बसायचे,” हौसाकाकू म्हणाल्या. “हे टेलर निघाले.”

मी पाहिलं ते एवढंच. माईनं ताट खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली.

“जावईबापू, ती दिलेली आहेत. शब्द गेलाय माझा.”

“अजून मशिनं गेली नाहीत ना, माई?”

“चाळीस बायकांच्या हातचं काम काढताय तुम्ही.”

निवासनं मान वर केली नाही. “मला पाहिजेत,” म्हणाला.

पहिल्या दिवाळीचा जावई उपाशी उठला तर मुलीच्या संसाराला लागतं, असं मानणाऱ्या घरात हे चाललं होतं. माई काही फार मानणारी नव्हती. पण माझ्याकडे बघितलं तिनं. अकरा वाजता ती म्हणाली, “न्या.” आणि आत गेली. ओवाळलं मी एकटीनं.

तासाभरात तो टेंपो घेऊन आला. जावयानं स्वतः मशिनं उचलून चढवली. अण्णा गच्चीवर जाऊन बसले होते. आम्ही त्याच टेंपोतून मिरजेला निघालो.

भाऊबिजेला पंधरा जणी नटून आल्या तेव्हा सोप्यात फरशीवर मशिनांच्या पायांचे चौकोन उमटलेले होते, बाकी काही नाही. माईनं फराळ दिला आणि सांगितलं, मुलीला द्यावीशी वाटली, दिली. हौसाकाकूंनी खरं काय ते आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलेलं होतं. भाईजीही टेंपो घेऊन आले. माईनं त्यांची क्षमा मागितली. ते जराही रागावले नाहीत. ज्याच्या नशिबी जे, म्हणाले. चिवड्याचा डबा घेऊन, नमस्कार करून गेले. अण्णांनी मला पुढच्या आठवड्यात लिहिलं त्यात हा नमस्कार दोनदा होता.

*

मिरजेला आमच्या दोन खोल्या. त्यांत सहा मशिनं.

एकावर स्टोव्ह. एकावर माझी पुस्तकं आणि त्याचे खात्याचे पक्कड-पाने. दोन एकमेकांना चिकटून, त्यांवर पाट टाकून जेवण. एक मोरीच्या दारात, म्हणून अंघोळीला तिरकं होऊन जावं लागे. हाताचं मशीन उशाशी. रात्री कूस बदलली की चाक फिरायचं.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. भाजी वाढायची, वाटी आपटायची. नवव्या दिवशी विचारलं, तुम्ही ही विकणार आहात का?

नाही म्हणाला.

मग कशाला?

तेव्हा त्यानं सांगितलं. त्या वर्षी उन्हाळ्यात कोकरमाळपर्यंत लाइन ओढली ती त्याच्याच तुकडीनं. अख्ख्या गावात एक फोन, ग्रामपंचायतीत, दोन आकडी, तोही तालुक्याच्या ऑपरेटरकडून मागून घ्यायचा. पत्रकावर पाच आकडी नंबर होता. आमच्या गल्लीत कुणाकडेच फोन नव्हता, त्यामुळे कुणी तो फिरवून बघितला नाही. तरी त्याला वाटलं, मधल्या काळात काही झालंही असेल, उगीच कुणाचं नाव घ्यायला नको. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सायकल काढली. चौदा किलोमीटर, शेवटचे चार चढाचे. साठ उंबरे, एक देऊळ, मेंढ्यांचे वाडे. सदन नाही. सरपंचाला विचारलं, तर त्यानं भाईजी हे नावही ऐकलेलं नव्हतं.

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“मग तिथंच सांगायचं होतं. माईला.”

“पत्रक देवघरात होतं, वैजू. पंधरा बायकांना आवतण गेलेलं. बाईंना एका माणसानं येडं केलं, हे बाईंच्या पोरींनी सणाच्या दिवशी बघायचं?” त्यानं उशाशी असलेल्या मशिनाचं चाक उगीच एकदा फिरवलं. “त्यापेक्षा जावई हावरा निघाला तर काय बिघडलं? जावई हावरेच असतात.”

मग त्यानं माझ्याकडून शपथ घेतली. मी दिली, आणि त्या दिवसापासून मोरीत तिरकं जायचा मला त्रास झाला नाही.

*

अण्णांचं कार्ड, पौष महिना:

‘चि. वैजयंतीस आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझ्या आईच्या डोळ्यांत औषध घालणे चालू आहे. हरभरा बरा आहे. मशिने खुशाल असतील. कळावे.’

अण्णांचं कार्ड, माघ महिना:

‘...मशिनांस आशीर्वाद.’

निवास ही कार्डं मोठ्यानं वाचायचा आणि हसून लोळायचा. मला रडू यायचं.

*

फाल्गुनात माई डोळे दाखवायला एकटीच मिरजेला आली आणि आमच्याकडे उतरली. दारातच थांबली. स्टोव्ह बघितला, पुस्तकं बघितली, पाट बघितला. मोजल्यासारखी सगळी सहा बघितली. तिला वाटलं होतं, एव्हाना विकली असतील.

“तुला शिवता येतं, शिवत नाहीस,” ती म्हणाली. “त्यांना तर टाकाही येत नाही. मग ही इथं करतात काय?”

मी शपथ मोडली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. निवास कामावरून आला तेव्हा म्हणाली, उद्या मला कोकरमाळला घेऊन चला. तो माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीकडे.

ती दोघं एसटीनं गेली आणि पुढं चढ चालत. एका धनगरणीनं त्यांना ताक दिलं. माईनं गावाला पूर्ण चक्कर मारली. परत येताना चढउतारावर निवासनं हात पुढं केला, तेव्हा तिनं तो धरला, आणि उतार संपल्यावरही सोडला नाही, असं त्यानं मला सांगितलं. बोलली मात्र एवढंच की टेंपोत चढवताना चौथ्या मशिनाचा पट्टा काढायला हवा होता.

त्यानंतर माईनं खरी जागा शोधायला घेतली. तिची रीत अशी: आधी कळवायचं नाही, जेवायच्या वेळेला जायचं आणि थेट चुलीशी. पहिल्या ठिकाणी व्यवस्थापकांनी हापिसात बसवलं आणि चहा सांगितला. माई चहा न पिता उठली. दुसऱ्या ठिकाणी पाटी होती, माणसं नव्हती. तिसऱ्या ठिकाणी, कवठेमहांकाळच्या बाजूला, अकरा बायका होत्या. एकीनं माईला बघून भाकरी थापता थापता विचारलं, तुम्ही जेवणार की राहणार? तिथं मशिनं गेली. माई पंधरवड्याला जाऊन शिकवायला लागली. तासगावात सांगायची, मुलीकडे जाते.

आणि आमच्या खोल्या मोकळ्या झाल्याची बातमी हौसाकाकूंच्या भाचीनं तासगावला नेली. गल्लीनं निष्कर्ष काढला. जावयानं विकली. निदान माझ्या सासूला तरी शिवायला दिली असतील, असं म्हणणाऱ्या एकदोघीही गप्प झाल्या.

*

पुढच्या भाऊबिजेला माईनं पुन्हा सगळ्यांना फराळाला बोलावलं. निवास यायला तयार नव्हता. माईचं कार्ड आलं, ‘न आल्यास मी रुसेन.’

दुपार होती. सोप्यात सतरंजीवर बायका, बाजेवर अण्णा, उंबऱ्यापाशी निवास. करंज्यांचं ताट फिरत होतं. लता कुंभार तोंडाला पदर लावून म्हणाली, यंदा जावईबापूंनी काय धरलंय? देवघर का? सगळ्या हसल्या. निवासही हसला. म्हणाला, देवघराला टेंपो मोठा लागतो.

अण्णा हसले नाहीत. छताकडे बघत होते.

माईनं ताट खाली ठेवलं.

“पोरींनो, मी फसले होते,” ती म्हणाली. “गेल्या साली. तो भाईजी भामटा होता. कोकरमाळला सदनबिदन काही नाही, मी जाऊन आलेय. यांना ते आधी कळलं. मी तुमच्यापुढं बावळट दिसू नये म्हणून हे पाटावर हावऱ्यासारखे बसले. आणि मीही वर्षभर यांना हावरं म्हणू दिलं.”

निवास उठून जाऊ लागला. माईनं त्याला हातानं खाली बसवलं.

रुक्साना शिकलगार, माईची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, करंजीचा तुकडा हातात तसाच धरून बसली होती.

“बाई,” ती म्हणाली, “मी दोन ब्लँकेटं दिली त्याला. नवी होती. दुबईहून भावानं पाठवलेली.”

“कधी?”

“तुमच्याच दिवाळीत. तो म्हणाला, गुप्तदान आहे, बोललात तर पुण्य जातं.”

“मलाही तेच म्हणाला,” लता म्हणाली. तिचं पितळी घंगाळ गेलं होतं. नवऱ्याला ती सांगत आली होती, मोड म्हणून विकलं. मग मागच्या रांगेतली एक म्हणाली, “माझा शालू.” एक नुसतंच ‘माझं पण’ म्हणाली, काय ते सांगेना. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच. म्हणून तो चार गल्ल्या निवांत हिंडला.

हौसाकाकू शेवटी बोलल्या. त्यांचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

“माझ्या आईची समई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दारातून परत गेला ना, तो सरळ माझ्याकडे आला. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून मी...”

माई निवासकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण लाडही नव्हता.

“माझी लाज राखलीत तुम्ही. आणि हिची समई गेली.”

निवासचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. गल्लीनं वर्षभर हावरा म्हटलं तेव्हा त्याला काही झालं नव्हतं. आता त्यानं हौसाकाकूंकडे पाहिलं आणि म्हणाला, “चुकलं, काकू. मी बोलायला पाहिजे होतं.”

“तुम्ही बोलला असता तर मी ऐकलं असतं होय?” हौसाकाकूंनी डोळे पुसले. “खांबावर चढणाऱ्याचं?”

एक रांग फिसकन हसली, मग दबकून थांबली.

तेवढ्यात बाज करकरली.

“मी रेडिओ दिला,” अण्णा म्हणाले.

माईनं वळून पाहिलं. “तो जळाला म्हणून फेकला म्हणाला होतात तुम्ही.”

“जळाला नव्हता. चांगला चालत होता.” अण्णांनी घसा खाकरला. “सेल पण नवे घातले होते.”

आधी माई हसली. मग रुक्साना, मग सगळा सोपा. ज्यांचं काही गेलं नव्हतं त्याही हसल्या, आणि ज्यांचं गेलं होतं त्या जास्त. हौसाकाकूंना हसता हसता उचकी लागली. निवास तेवढा मान खाली घालून बसलेला.

अण्णांनी पाय गोळा केले आणि बाजेवर थोडे सरकले.

“निवासराव, इकडे बसा,” ते म्हणाले. “तिथं ऊन येतंय.”